सौंसरच्या गाडीतलं इंजिन

मिस्त्रींना लकवा झाला त्याला सात महिने झाले होते, तेव्हा मी सौंसरची ती जुनी गाडी विकत घ्यायचं ठरवलं. या दोन गोष्टींचा संबंध मला त्या वेळी अगदी सरळ दिसत होता. आज तितका दिसत नाही. तरी जे झालं ते क्रमानं लिहून ठेवते.

मिस्त्री म्हणजे माझे मिस्टर. पांढुर्ण्यात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. त्यांचं गाड्यांचं गॅरेज होतं, घराच्याच पुढच्या भागात. मी शाळेत लिपिक आहे, स्टॉक रजिस्टर माझ्याकडे असतं. बाक किती, त्यातले मोडके किती, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या किती. संध्याकाळी घरी आलं की गॅरेजची जॉब कार्डंही मीच लिहायची. ते चिंधीनं हात पुसत पुसत सांगायचे आणि मी लिहायची: क्लच प्लेट नवीन, पंख्याचा पट्टा नवीन, ब्रेक ऑइल भरलं. अशी अठ्ठावीस वर्षं लिहिल्यामुळे मला गाडीतल्या सगळ्या गोष्टींची नावं येतात. गाडी मात्र कळत नाही. हा फरक माझ्या तेव्हा लक्षात आला नाही.

लकव्यानं उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत काठीवर आला. बोलणं चार महिन्यांत आलं, थोडं ओढून, पण आलं. हात आला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पहिल्या वर्षात जेवढा परत येईल तेवढाच येईल. बोटं हलताहेत, म्हणजे आशा आहे. हाताला काम द्या." मी ते वाक्य तिथंच वहीत उतरवून घेतलं. फिजिओथेरपीवाली मुलगी आठवड्यातून तीनदा घरी यायला लागली. रबरी चेंडू दाबायचा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, लावलेले काढायचे. ती समोर बसली असेतो ते करायचे. ती फाटकाबाहेर पडली की हात मांडीवर आणि हातावर टॉवेल.

"चिमटे लावा, चिमटे काढा," ते एकदा म्हणाले. "हे काय काम हाय? धोबी बनवून राहिली का मले?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"डॉक्टरले म्हणा, तूच लाव."

मी चिडले नाही. मला ते पटत होतं. ज्या हातानं तीस वर्षं इंजिनं उघडून बंद केली, त्याला दोरीवरचे चिमटे हे काम वाटणार नाही. त्याला खरं काम हवं होतं. गॅरेज बंद होतं, कारण एका हातानं गॅरेज चालत नाही, आणि हात कामाशिवाय येत नव्हता. सात महिने मी या गोलात फिरत होते. वर्षातले पाच महिने उरले होते.

मग आमच्या शाळेतल्या, सौंसरहून रोज येणाऱ्या एका बाईंनी मधल्या सुट्टीत सहज सांगितलं की तिथले शेठ त्यांची ती लाल उघडी गाडी विकून राहिले.

ती गाडी म्हणजे आमच्या घरातला एक माणूसच होता म्हटलं तरी चालेल. दोनच सीटची, विलायती, लांब नाकाची, तारांच्या आऱ्यांची चाकं, वर कापडी टप. शेठच्या वडिलांनी, म्हणजे मोठ्या शेठनी, ती कधीकाळी मुंबईहून हौसेनं आणली होती. संत्र्याच्या बागा, कापसाचा व्यापार, आणि दारात ही स्पोर्ट्स कार. एका उन्हाळ्यात पाणी संपलेलं कळलं नाही आणि इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला. त्याचा सुटा भाग हिंदुस्थानात मिळेना. नागपूरच्या दोन गॅरेजांनी हात वर केले. तेव्हा मिस्त्री सव्वीस वर्षांचे होते आणि आमचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. त्यांनी मोठ्या शेठना सांगितलं, "मी बसवतो. देशी गाडीचं इंजन बसवतो. पळाली नाही तं मले एक रुपया देऊ नका."

दोन महिने ती गाडी आमच्या गॅरेजात होती. दुसऱ्या गाडीचं इंजिन या गाडीत बसवायचं म्हणजे ते जिथे टेकतं त्या जागाच जुळत नाहीत. मिस्त्रींनी लोखंडाच्या जाड प्लेटा कापून, घासून नवीन आधार बनवले. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवर आखूड करून घेतला. त्यांची एक सवय होती: जे काम पूर्ण मनासारखं झालं, त्यावर पंच ठोकून तीन ठिपके उमटवायचे. आयुष्यात फार ठिकाणी त्यांनी ते उमटवले नाहीत. या प्लेटांवर उमटवले. मग मला शेजारी बसवून ट्रायलला तिगावपर्यंत नेलं. माझा पदर तोंडावर येत होता, रेल्वे फाटकावरची माणसं उठून उभी राहून पाहत होती, आणि हे मोठ्यानं हसत होते. इंजिन चालू ठेवून थांबलेली असताना ती गाडी फार थरथरायची. "एक दिवस अजून मिळाला असता तं तेही काढलं असतं," असं ते पुढे कायम म्हणायचे. पण तो एक दिवस मिळाला नाही, शेठना गाडी लग्नात न्यायची होती.

त्यानंतर गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते कधी ना कधी सांगायचेच: सौंसरच्या शेठच्या गाडीत माह्यं इंजन हाय.

त्या संध्याकाळी मी जेवताना बातमी सांगितली. त्यांचा घास तसाच राहिला.

"कोणती? माह्या इंजनाची?"

"हो. आपण घेऊ म्हणते मी."

"तू? चिल्लर गोळा करून पंखा घ्यायले तीन महिने लावते."

"पैशाचं मी पाहीन. तुम्ही गाडी पाहा."

पैशाची सोय मी खरंच केली होती. ती कशी, ते इथे महत्त्वाचं नाही. माझा विचार असा होता की ही गाडी पुढच्या शेडमध्ये उभी राहील. जुनी आहे, रोज काहीतरी कुरकुर काढेल. त्यांचंच काम आहे, दुसऱ्या कोणाला ते हात लावू देणार नाहीत. मग त्या हाताला उठावंच लागेल.

आणि तो उठलाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर नट-बोल्टांचा जुना डबा परातीत ओतलेला, आणि मिस्त्री उजव्या हातानं एकेक नट उचलून कटोऱ्यात टाकत होते. घाम फुटला होता. पहिल्या दिवशी दोन नट. तिसऱ्या दिवशी पाच. आठव्या दिवशी अकरा. हे आकडे मी लिहून ठेवले, आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "काकू, असंच चालू राहिलं तर काका पाना धरतील." त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

गाडी पाहायला मी आधी एकटी जाऊन आले. माझी पद्धतच तशी आहे. शाळेसाठी कपाट घ्यायचं तरी मी आधी दुकानात जाऊन खिळे मोजते. एकेचाळीस मुद्दे लिहून नेले होते. फ्रीजवरचा लोहचुंबक नेला. पत्र्यावर रंगाखाली खड्डे बुजवायला लांबीचा लेप भरलेला असेल तिथे चुंबक चिकटत नाही, हे जॉब कार्डांतून माहीत होतं. डाव्या दाराखाली चिकटला नाही, बाकी सगळीकडे चिकटला. पायाखालची चटई उचलून गंज पाहिला: थोडा. चाकांच्या तारा बोटानं वाजवून पाहिल्या, दोन सैल. टपाचं कापड एका कोपऱ्यात उंदरानं खाल्लेलं. मग चेसीस नंबर आणि इंजिन नंबर, दोन्हींवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतले.

चेसीस नंबर आरसी बुकाशी जुळला. इंजिन नंबर जुळला नाही.

तो जुळणारच नव्हता. मिस्त्रींनी इंजिन बदललं तेव्हा मोठ्या शेठनी कागदावर तशी नोंद करून घेतली नाही, ही गोष्ट आमच्या घरात कितीदा तरी बोलली गेली होती. तेव्हा नंबर वेगळा दिसला म्हणजे इंजिन मिस्त्रींचं, असा मी हिशेब लावला. मुद्दा क्रमांक सतरासमोर लिहिलं: "जुळत नाही. अपेक्षित." आणि खूण केली. बॉनेटखाली मी आयुष्यात पहिल्यांदाच वाकले होते. काळं, चोख, तेलाचा डाग नसलेलं इंजिन दिसलं. मनात म्हटलं, किती जपलंय यांनी.

घरी येऊन छाप दाखवणार होते, पण मिस्त्रींनी हात आडवा केला. डावा. "मले काही सांगू नको. मी पायतो."

तो कागद फाइलीत ठेवून दिला.

पुढच्या रविवारी आम्ही बसनं निघालो. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. पायरी चढताना कंडक्टरनं हात पुढे केला तर म्हणाले, "बाजूले हो बाबू, मी नवरदेव हाय आज." मागच्या सीटवरची बाई हसली. मोहगाव येईपर्यंत ते खिडकीतून बागा पाहत होते, कोणत्या झाडाला किती फळ आहे ते सांगत होते, आणि मधेच मला म्हणाले, "तुह्या यादीत बॉनेट कितवं हाय?"

"पंधरावं."

"चूक. बॉनेट शेवटी उघडायचं असते. इंजन पाहिलं का मग माणसाले बाकीचं काही दिसत नाही."

मी पेन काढून यादीत बॉनेट शेवटी नेलं.

शेठचं घर बसस्टँडपासून जवळ आहे. शेठ माझ्याच वयाचे, पन्नाशीतले. मोठे शेठ वारले त्याला बरीच वर्षं झाली. शेठच्या आई आहेत, ऐंशीच्या पुढच्या, ओसरीत खाटेवर बसलेल्या. त्यांनी मिस्त्रींना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अरे बाप्पा, किती वाळून गेला हा! बाई, खायले देते का नाही याले?"

"देते हो आई."

"मंग घेत नसन. पहिलेपासून हट्टी हाय. दोन महिने गाडी दिली नाही यानं आमची, माह्या पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आणून उभी केली."

"उभी केली ना पण?" मिस्त्री म्हणाले.

"केली बाबा. अन् थरथर कापत होती. नवरदेव उतरला तं म्हणे, मले थंडी वाजून आली."

सगळे हसलो. मिस्त्री सगळ्यांत जास्त हसले. काठी भिंतीला लावून ते गाडीकडे गेले.

पाऊण तास ते गाडीभोवती फिरत होते. तसे ते मला सात महिन्यांत दिसले नव्हते. डाव्या दाराखालचा लेप त्यांनी चुंबकाशिवाय, नुसतं बोटाच्या पेरानं ठोकून ओळखला. स्टिअरिंग हलवून म्हणाले, दोन बोटं सैल खेळ आहे, चालते. ब्रेक दाबून धरला आणि तो खाली सरकतो का ते मनात आकडे मोजत पाहिलं. एकदा आऱ्यांवरून हात फिरवताना मी पाहिलं, उजवा होता. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी नुसती पाहत राहिले.

"चालू करा शेठ," ते म्हणाले.

शेठनी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि मऊ आवाजात चालत राहिली. मला वाटलं, वा.

मिस्त्रींनी मान तिरपी केली. मग बॉनेटवर तळहात टेकवला.

"हे हलत काहून नाही?"

"मस्त चालते ना!" शेठ म्हणाले, पण त्यांचा आवाज अर्ध्यात खाली आला.

"हलत काहून नाही म्हणतो मी. बंद करा. बॉनेट उघडा."

बॉनेट उघडलं. मिस्त्री वाकले. इंजिन त्याच जातीचं होतं, त्याच कंपनीचं, हे नंतर कळलं. म्हणून वरून पाहून मला तर काय, दुसऱ्या कोणालाही शंका आली नसती. त्यांनी डावा हात खाली घातला, जिथे इंजिन टेकतं तिथे, आणि बोटांनी शोधायला लागले. एका बाजूला शोधलं. दुसऱ्या बाजूला जाऊन शोधलं. खिशातून रुमाल काढून पुसलं आणि पुन्हा शोधलं.

"माह्या प्लेटा कोठी हायत?"

शेठ माझ्याकडे पाहायला लागले.

"शेठ, इथी माह्या प्लेटा होत्या. ठिपक्याच्या."

तेव्हा खाटेवरून शेठच्या आई म्हणाल्या, "सांगून दे ना रे आता. ज्यायनं लपवाले सांगितलं ते तं गेले."

शेठनी सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी, मोठे शेठ असतानाच, नागपूरच्या एका गॅरेजात गाडी नेली होती. थरथर फार वाढली होती, तिसरा गिअर आपोआप निघून यायचा. गॅरेजवाल्यांनी सांगितलं हे इंजिन काढा, याच जातीचं नंतरचं इंजिन मिळतं, ते बसवू. आधारही नवे करू, जुने वाकडे आहेत. काढलेलं इंजिन आणि प्लेटा तिथंच भंगारात गेल्या.

"बाबा म्हणाले, मिस्त्रीले कळू देऊ नका. त्याले वाईट वाटन. गाडी घरीच असते, त्याले कुठी दिसते," शेठ म्हणाले. "तुम्ही भेटले का इंजनाचं विचारायचे ना, तं आम्ही म्हणायचो, मस्त चालू हाय. ते खोटं नोतं मिस्त्री. चालूच होती."

"हो," मिस्त्री म्हणाले.

मला वाटलं ते काठी घेऊन निघतील. ते निघाले नाहीत. बॉनेटच्या कडेला हात टेकून तसेच उभे राहिले, आणि मग मला म्हणाले, "लिही."

"काय लिहू?"

"पाहणी करायले आलो ना आपण? लिही."

मी लिहिलं. त्यांनी त्या इंजिनाची पूर्ण पाहणी केली. तेलाची पट्टी काढून पाहिली: तेल स्वच्छ. पाणी स्वच्छ. पुन्हा चालू करायला लावलं, पायडल दाबायला लावलं, मागे जाऊन धूर पाहिला: नाही. आधार नवीन, सरळ, मधे रबर घातलेलं, म्हणून थरथर नाही. "रबर घालायचं माह्या डोक्यात नोतं आलं," असं ते म्हणाले. तेही मी लिहिलं, मग लक्षात आलं आणि खोडलं. पंखा आणि रेडिएटर यांच्यात जागा बरोबर सोडली आहे. वेल्डिंग चांगलं आहे. माणसानं काम चांगलं केलं. अर्धा तास ते बोलत होते, कुठे अडखळले नाहीत. सात महिन्यांत एवढं सलग ते बोलले नव्हते. आणि हे बोलणं मी मागितलेलंच होतं, एकेचाळीसच्या एकेचाळीस मुद्द्यांवर. मला ते थांबवता आलं नाही.

शेवटी शेठनी विचारलं, "मंग मिस्त्री, घेऊन राहिले ना? तुम्हाले म्हणून सांगतो, दुसऱ्याले इतक्यात नाही देणार."

"शेठ, गाडी एक नंबर हाय."

"मंग?"

"मंग मी काय करू तिचं? पुसत बसू?"

शेठच्या आईंनी चहा आणायला सांगितला होता. तो आला, आम्ही प्यायलो. आई मिस्त्रींना म्हणाल्या, "तुह्यावालं इंजन वाईट नोतं रे. आवाज करे, पण वाईट नोतं." त्यांनी मान हलवली. कप त्यांनी डाव्या हातात धरला होता.

बसस्टँडवर बस लागायची होती. बाकावर बसलो. मी म्हटलं, "अहो, तरी घेऊ. दोन तारा सैल आहेत. डाव्या दाराचा पत्रा काढावा लागेल. टपाचं कापड आहे. काम निघतंच."

त्यांनी काठी दोन्ही पायांच्या मधे उभी केली.

"थरथर नाही, एवढंच ना? ती काही—"

"चौदा वर्षं मी लोकायले सांगून राहिलो," ते म्हणाले. "सौंसरच्या गाडीत माह्यं इंजन हाय. इथचे लोक गॅरेजात येत. त्यायच्यातल्या कितीकायले माहीत असन."

"कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. कोणी हसलं नाही तुम्हाला."

"हसले असते तं बरं होतं. मी दुसरं बसवलं असतं."

चौदा वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही हात होते. रबर त्यांनी घातलं असतं. तो एक दिवस त्यांना मिळाला असता.

बसमध्ये मी फाइल उघडली. का, ते सांगता येणार नाही. हात रिकामे राहिले की मी कागद लावायला घेते. पेन्सिलचा छाप वरच आला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"हा कधीचा?"

"मागच्या रविवारचा."

"माह्या इंजनाचा नंबर पाठ हाय मले. शेवटी सात-सात-तीन. हा तं पहिल्या आकड्यापासून वेगळा हाय."

"तुम्हीच म्हणालात सांगू नको."

"मी म्हटलं," ते म्हणाले. "तुह्यी काय चूक."

रागावले असते तर मी काहीतरी बोलले असते. त्यांनी कागद नीट घडी करून परत दिला. उत्तर आठ दिवस माझ्या फाइलीत होतं, मीच स्वतः घासून आणलेलं, आणि त्यासमोर मी बरोबरची खूण केली होती. नंबर आरसीशी जुळत नाही, एवढंच मी पाहिलं. तो मिस्त्रींच्या नंबराशी जुळतो का, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हताच. नंबर त्यांना पाठ असेल हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यावर मी खूप विचार केला आहे. तो कागद पहिल्याच दिवशी दाखवला असता तर हे सगळं घरात, दोघांत संपलं असतं. शेठच्या अंगणात, बॉनेटमध्ये हात घालून ठिपके शोधायची पाळी त्यांच्यावर आली नसती. पण मग ते आठ दिवसही नसते. दोन, पाच, अकरा हे आकडेही नसते. कोणतं बरं, हे मला ठरवता आलेलं नाही. मी दोन्ही बाजू लिहून पाहिल्या आहेत. दोन्ही सारख्याच भरतात.

परातीतले नट मी तीन दिवस तसेच ठेवले. चौथ्या दिवशी विचारलं, "मांडू का?" ते म्हणाले, "चिल्लर खेळ हाय तो." मी पाच-सहा वाटा काढून पाहिल्या. शाळेतला बिघडलेला पंखा आणून समोर ठेवला. ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं की मिस्त्रींना काहीतरी विचारायला या. तो बिचारा आला, ट्रॅक्टरचा आवाज कसा येतो ते त्यानं तोंडानं काढून दाखवलं. मिस्त्रींनी बसल्या जागेवरून दोन शब्दांत उपाय सांगितला, बरोबर सांगितला, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "तू पाठवला ना त्याले?"

"नाही."

"पाठवला. त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज मले इथून ऐकू येते. चांगला चालून राहिला."

फिजिओथेरपीवाली मुलगी येत राहिली. तिच्यासमोरही त्यांनी चेंडू दाबणं सोडलं. तिनं हात हातात घेऊन बोटं एकेक उघडायची आणि मिटायची, ते भिंतीकडे पाहत बसायचे. रागानं नाही. दुसऱ्या कोणाचं तरी काम चालू आहे आणि आपण वाट पाहतो आहोत, असं. शेठचा मध्ये एकदा फोन आला, गाडी नागपूरच्या एका हौशी माणसानं नेली. मी सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "चालवत नेली का ट्रकवर?" चालवत, म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि ताक मागितलं.

वर्ष पूर्ण झालं त्या आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी हात उचलला, सोडला, पुन्हा उचलला. मला म्हणाले, "आता बोटं आखडणार नाहीत एवढी काळजी घ्या." मी विचारलं, आणि पुढे? ते म्हणाले, "तेवढंच."

सकाळी शाळेत जायच्या आधी मी त्यांना शर्ट घालते. आधी उजवी बाही, मग डावी, असा क्रम ठेवला की लवकर होतं. उजवा हात मी मनगटाला धरून उचलते, बाहीतून पुढे ओढते आणि मांडीवर ठेवते. बोटं अजून हलतात. झोपेत हलतात, मी पाहिलं आहे. जागे झाले की हलत नाहीत. मी बटणं लावते, गळ्यापासून खाली, आणि ते मान वर करून मला जागा करून देतात.